आचार्य धर्मानंद कोसंबी : ‘ढ’ ठरलेल्या मुलाचे चरित्र

दरवर्षी शाळा उघडली की आमच्या वसतिगृहात नवी मुले येतात. कोणी रिसोडकडचा, कोणी मानोऱ्याच्या तांड्यावरचा, कोणाचे आईवडील दसरा झाला की ऊसतोडीला निघून जाणारे. पत्र्याची पेटी कॉटखाली सरकते न सरकते तोच मुले एकमेकांना नावे ठेवू लागतात. कोणी काळ्या होतो, कोणी तोतऱ्या, कोणी लंगड्या. बहुतेक नावे दिवाळीपर्यंत गळून पडतात. परंतु ‘ढ’ हे नाव सहसा सुटत नाही. त्याचे कारणही आम्हांला ठाऊक आहे. हे नाव मूल पुष्कळदा घरूनच घेऊन आलेले असते. प्रवेशाचा अर्ज भरताना पालक मुलाच्या देखत सांगून मोकळे होतात की याच्या डोक्यात काही शिरत नाही, आपण सांभाळून घ्या. मूल खाली मान घालून ऐकत असते.

या स्मरणिकेत एका थोर पुरुषाचे चरित्र द्यावे असे ठरले, तेव्हा आमच्या डोळ्यांपुढे ती खाली घातलेली मान होती. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे चरित्र आमच्या वाचकांच्या घराघरांत आहे आणि मुलांना ते मुखोद्गत आहे. म्हणून आम्ही दुसरे एक नाव निवडले. आचार्य धर्मानंद कोसंबी यांचे नाव पाली भाषेच्या अभ्यासकांना वंदनीय आहे. ते लहानपणी मंदबुद्धीचे गणले गेले होते, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही.

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवाळ या गावी झाला. गोवा तेव्हा पोर्तुगीजांच्या अमलाखाली होता. वडिलांचे नाव दामोदर. घराणे गौड सारस्वत ब्राह्मणाचे आणि उपजीविका नारळीच्या बागांवर. मुलगा प्रकृतीने दुबळा होता. बुद्धीनेही तो बेताचाच, असा घरच्यांचा समज झाला आणि तो पुष्कळ वर्षे टिकला. शिक्षण म्हणावे तर थोडेसे मराठी. इंग्रजी शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नाही. मॅट्रिकचा प्रश्नच उद्भवला नाही. १८९१ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्यांचा बाळाबाईंशी विवाह झाला आणि नारळीच्या बागेची देखरेख त्यांच्या वाट्याला आली. माडांना पाणी देणे, नारळ उतरविणे, हिशेब ठेवणे एवढ्यातच हे आयुष्य संपेल असे कोणालाही वाटले असते.

त्यांना स्वतःला मात्र ते सहन होत नव्हते. १९२४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘निवेदन’ या आत्मचरित्रात त्यांनी आपल्या तरुणपणीची अस्वस्थता, उदासीनता आणि मनाचा दुबळेपणा काही न लपविता नोंदविला आहे. थोर पुरुष आपल्या लहानपणाविषयी लिहू लागले की बहुधा पाळण्यातच पाय दिसू लागतात. कोसंबींच्या पुस्तकात तसे पाय कुठे दिसत नाहीत, म्हणूनच ते पुस्तक आम्हांला मुलांच्या हाती द्यावेसे वाटते. आपण इतरांसारखे नाही, हे त्या तरुणाला कळत होते. आपण मग कसे आहोत, हे सांगणारे गावात कोणी नव्हते. तुकाराम महाराजांचे अभंग वाचून त्यांना काही काळ आधार मिळाला.

अशा मनःस्थितीत, १८९७ च्या सुमारास, त्यांच्या हाती ‘बालबोध मेवा’ या मासिकाचा एक अंक आला. हे मासिक अमेरिकन मिशनतर्फे मुंबईहून निघत असे आणि ते मुलांसाठी होते. त्यात भगवान बुद्धांविषयीचा लेख होता. पोर्तुगीज गोव्यातल्या एका ब्राह्मण तरुणाला ख्रिस्ती मिशनच्या बालमासिकातून तथागतांची ओळख व्हावी, हा योग विलक्षणच म्हटला पाहिजे. धर्मानंदांचे वय तेव्हा वीस-एकवीस होते, ते गृहस्थ होते. पण मुलांसाठी लिहिलेली ती गोष्ट त्यांनी मुलाच्याच मनाने वाचली. ज्याला अवघड ग्रंथ वाचण्याचे शिक्षण मिळाले नव्हते, त्याच्यापर्यंत पोहोचू शकेल असे लेखन तेव्हा मुलांच्याच मासिकात होते. पुढे बुद्धांविषयी मराठीत जे मिळाले ते त्यांनी मिळवून वाचले आणि बुद्धाचा धर्म मुळातून जाणून घ्यायचा, त्यासाठी वाटेल ते कष्ट सोसायचे, असा त्यांचा निश्चय झाला.

इथे एक गोष्ट स्पष्टपणे लिहिणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. १८९९ च्या अखेरीस धर्मानंद घर सोडून निघाले, तेव्हा त्यांची मुलगी माणिक तान्ही होती. पुढील सुमारे सात वर्षे बाळाबाईंनी पतीवाचून काढली. त्या काळच्या समाजात नवऱ्याने टाकलेली म्हणून स्त्रीला काय ऐकावे लागत असेल, हे आमच्या वाचक भगिनींना सांगावयास नको. सिद्धार्थ गौतमाच्या गृहत्यागाशी या घटनेची तुलना करण्याचा मोह अनेकांना होतो. आम्हांला तो होत नाही. धर्मानंदांनी स्वतःचा शोध घेतला, त्याची किंमत एका तरुण मातेनेही मोजली. पुढे त्यांनी पत्नीला जवळ आणले, मुलीला मुलाच्या बरोबरीने उच्च शिक्षण दिले, हे खरे. ती सात वर्षे मात्र परत देता येण्यासारखी नव्हती.

घरातून निघालेले धर्मानंद प्रथम पुण्यास डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांकडे गेले. संस्कृत शिकल्यावाचून पुढचा मार्ग खुला होणार नव्हता. तेथून ते ग्वाल्हेरमार्गे काशीस पोहोचले आणि दारिद्र्यात राहून, अन्नछत्रात जेवून त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले. येथेही आमच्या मनात एक विचार आल्यावाचून राहात नाही. ती अन्नछत्रे ब्राह्मणांसाठी होती. त्याच वर्षांत साताऱ्याच्या शाळेत भीमराव नावाचा एक मुलगा घरून आणलेल्या गोणपाटाच्या तुकड्यावर वेगळा बसत होता, आणि शिपायाने नळ सोडल्याखेरीज त्याला पाणी मिळत नव्हते. धर्मानंदांच्या कष्टांना आम्ही उणेपणा आणत नाही. परंतु उपाशी ब्राह्मण विद्यार्थ्याला काशीत एक पान मिळण्याची सोय होती आणि आमच्या आजोबा-पणजोबांना गावच्या विहिरीवरही सोय नव्हती, हा फरक स्मरणात ठेवूनच ही हकीकत वाचली पाहिजे. धर्मानंदांनी त्या जन्मसिद्ध सोयीला पुढे चिकटून न राहता आपले आयुष्य वेगळ्या मार्गाला लावले, म्हणून तर आम्ही हे चरित्र लिहावयास घेतले.

काशीहून ते १९०२ साली नेपाळात गेले. बुद्धाच्या जन्मभूमीच्या त्या देशात जिवंत बौद्ध धर्म भेटेल ही त्यांची आशा होती. तेथील स्थिती पाहून ते निराश झाले. मग बोधगया, कलकत्ता आणि तेथून सिंहलद्वीप. कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगल महास्थविरांच्या जवळ त्यांनी पालीचे अध्ययन केले आणि श्रामणेर दीक्षा घेतली. ज्याला चार इयत्ता धड शिकता आल्या नाहीत असे लोक म्हणत, तो आता सिंहली लिपीत लिहिलेले त्रिपिटक वाचू लागला. पुढे ते ब्रह्मदेशात गेले, तेथील विहारांत राहिले. कुशिनारा आणि इतर पवित्र स्थळांची यात्रा त्यांनी बरीचशी पायी केली.

१९०६ च्या सुमारास ते कलकत्त्यास पाली शिकवू लागले. नोकरी मिळाली, पत्नीही आली, १९०७ साली मुलगा दामोदर जन्मला. हाच पुढे गणितज्ञ व इतिहासकार म्हणून जगप्रसिद्ध झाला. येथे एखादा मनुष्य स्थिरावला असता. परंतु बुद्धाचे ज्ञान मराठी माणसापर्यंत पोहोचले पाहिजे, ही तळमळ धर्मानंदांना स्वस्थ बसू देईना. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना तीन वर्षे दरमहा पन्नास रुपये देऊ केले. अट एवढीच की महाराष्ट्रात राहावे आणि दरवर्षी एक ग्रंथ लिहावा. कलकत्त्याची नोकरी सोडून त्यांनी हे पन्नास रुपये पत्करले. याच सयाजीरावांनी १९१३ साली तरुण भीमरावांना अमेरिकेस धाडले. आमच्या समाजावरील त्या राजाच्या ऋणाचा हिशेब मांडताना हे पन्नास रुपयेही त्यात धरावे असे आम्हांला वाटते.

‘बुद्ध, धर्म आणि संघ’, ‘बुद्धलीलासारसंग्रह’, ‘बौद्धसंघाचा परिचय’, ‘जातककथासंग्रह’ अशी त्यांची पुस्तके एकामागून एक आली. त्यांची मराठी साधी आहे. पांडित्य असूनही ते वाचकाला दिपवीत नाहीत. मुलांच्या मासिकातून ज्याला वाट सापडली त्याने जातककथांना हलके लेखले नाही, यात आम्हांला नवल वाटत नाही.

जातककथा आणि आपला जिल्हा यांचे नाते तर फार जुने. आपले वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. त्या शाखेतील हरिषेण राजाच्या काळी, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, त्याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे भिक्षुसंघाला दान दिले. शेजारच्या सतराव्या लेण्याच्या भिंतींवर छद्दन्त हत्ती, वेस्सन्तर राजा आणि सोनेरी हंस यांच्या कथा त्याच काळात रंगविल्या गेल्या. आमची मुले सहलीला अजिंठ्यास जातात, तेव्हा वाशीमच्या राजवटीने राखलेल्या गोष्टी पाहण्यासाठीच ती जात असतात. हे त्यांना कोणी सांगत नाही, म्हणून येथे लिहिले.

पाली वाङ्मयातील दोन कथा आमच्या वसतिगृहात वारंवार सांगितल्या जातात. पहिली नंदिविशाल बैलाची. तक्षशिलेच्या एका ब्राह्मणाने आपला बैल शंभर भरलेल्या गाड्या ओढील अशी हजार नाण्यांची पैज लावली. जुंपण्याच्या वेळी मात्र त्याने बैलाला शिवी देऊन हाक मारली. बैल जागचा हलला नाही. पैज गेली. ब्राह्मण घरी येऊन दुःखात पडून राहिला, तेव्हा बैलाने त्याला विचारले की इतकी वर्षे तुझ्या घरी असता मी कधी एखादे मडके तरी फोडले काय, आणि मग मला अशा नावाने का हाक मारलीस. दुसऱ्या वेळी ब्राह्मणाने दुप्पट पैज लावली, बैलाच्या पाठीवरून हात फिरवून त्याला चांगल्या नावाने हाक दिली आणि शंभरही गाड्या हलल्या. पोळ्याला बैलाच्या खांद्याला हळद-तूप लावणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलाला या कथेचा अर्थ समजावून द्यावा लागत नाही.

दुसरी कथा चुल्लपंथकाची. त्याची आई राजगृहाच्या एका श्रीमंत श्रेष्ठीची मुलगी; घरच्या नोकराबरोबर ती निघून गेली होती. बाळंतपणासाठी माहेरी निघाली असता वाटेतच प्रसूत झाली, म्हणून मुलाचे नाव पंथक. पुढे दुसरा मुलगाही तसाच वाटेवर जन्मला. तो धाकटा पंथक, म्हणजे चुल्लपंथक. ऊसतोडीच्या फडाजवळ, पालात किंवा बैलगाडीच्या सावलीत जन्मलेली मुले आमच्या वर्गांत बसतात. त्यांना हे नाव परके वाटत नाही. दोघे भाऊ संघात गेले. थोरला विद्वान झाला. धाकट्याला चार महिन्यांत एक गाथा पाठ होईना. पुढचा शब्द शिकावा तर मागचा विसरावा. शेवटी थोरल्या भावानेच त्याला विहारातून निघून जाण्यास सांगितले. पहाटे तो दाराशी रडत उभा असता तथागतांनी त्याला पाहिले. त्यांनी त्याला गाथा दिली नाही; एक स्वच्छ वस्त्राचा तुकडा दिला आणि सूर्याकडे तोंड करून तो हाताने चोळीत बसावयास सांगितले. चोळता चोळता वस्त्र मळले. शुभ्र ते मलिन होते, सारे बदलते, हे चुल्लपंथकाला तेथेच उमगले आणि पाठांतराच्या वाटेने जे मिळाले नव्हते ते त्याला या वाटेने मिळाले. विद्वान भावाची परीक्षा चुकीची होती असे कथा म्हणत नाही. ती परीक्षा त्या मुलासाठी नव्हती, एवढेच. आम्ही शिक्षक मंडळी ही कथा सांगताना थोडी चलबिचल अनुभवतो, हे कबूल केले पाहिजे. कारण आम्हीही वर्षातून दोन वेळा गाथा पाठ झाली की नाही हेच तपासत असतो.

अशा परीक्षांत कधी न बसलेले धर्मानंद १९१० साली हार्वर्ड विद्यापीठाच्या बोलावण्यावरून अमेरिकेस गेले. बुद्धघोषाच्या ‘विसुद्धिमग्ग’ या महाग्रंथाच्या संपादनाचे काम वॉरन या अमेरिकन पंडिताच्या मृत्यूमुळे अपुरे राहिले होते. ते पुरे करण्यास पालीचा जाणकार हवा होता. नावापुढे एकही पदवी नसलेला मनुष्य तेथे गेला आणि सिंहली व ब्रह्मी हस्तलिखितांच्या आधारे पाठ निश्चित करू लागला. प्रा. लॅनमन यांच्याशी मात्र त्यांचा खटका उडाला. प्रश्न ग्रंथावरील श्रेयाचा होता. आपल्या श्रमाला योग्य स्थान मिळत नाही असे दिसताच कोसंबी १९१२ साली परत आले. काम अर्धवट राहिले तरी चालेल, पण मान खाली घालून ते करणार नाही, असा हा बाणा होता. घरात मंद ठरलेला साखवाळचा तो अशक्त मुलगा इतक्या वर्षांत कोठून कोठे आला होता, ते या एका प्रसंगावरून कळते.

पुण्यास फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी सहा वर्षे पाली शिकविली. पु. वि. बापट, चिं. वि. राजवाडे, ना. के. भागवत हे पुढील काळातील पाली पंडित त्यांचे विद्यार्थी. महाराष्ट्रात पालीची जी परंपरा निर्माण झाली तिचे मूळ या वर्गात आहे. नंतर ते पुन्हा हार्वर्डला गेले. १९१८ च्या त्या प्रवासात माणिक व दामोदर ही दोन्ही मुले बरोबर होती. गांधीजींनी स्थापिलेल्या गुजरात विद्यापीठात त्यांनी अध्यापन केले, रशियात लेनिनग्राड येथे ते पाली शिकविण्यास गेले, १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात भाग घेऊन तुरुंगातही गेले. या साऱ्याचा तपशील येथे देत बसत नाही.

मुंबईच्या परळमध्ये, गिरणी कामगारांच्या वस्तीत, १९३७ साली त्यांनी बहुजन विहार सुरू केला. हार्वर्डचा पंडित आता अशा लोकांत येऊन राहिला की ज्यांना पाली तर सोडाच, मराठी अक्षरओळखही क्वचित होती. दोनच वर्षांपूर्वी, १९३५ साली, बाबासाहेबांनी येवल्याला आपण हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली होती आणि परळ-नायगावच्या चाळींतून त्याच विषयाची चर्चा चालली होती. अशा वेळी तेथे विहार उभा राहिला याचे महत्त्व आमच्या वाचकांना वेगळे सांगावे लागणार नाही.

त्यांच्या ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथाविषयी एक गोष्ट नमूद केलीच पाहिजे. सिद्धार्थाने म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहिले व तो घराबाहेर पडला, ही गोष्ट मुलांना पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. कोसंबींनी पाली सुत्तांचा आधार घेऊन दाखविले की ही दंतकथा आहे. सिद्धार्थाला अस्वस्थ केले ते शस्त्र घेऊन परस्परांवर धावणाऱ्या आप्तांनी. शाक्य व कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याच्या कलहाने. बाबासाहेबांनीही ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात गृहत्यागाची हकीकत रोहिणीच्या पाण्याच्या वादापासूनच सांगितली आहे. आम्ही वसतिगृहात गोष्ट सांगतो ती अशीच सांगतो. बहुमताविरुद्ध एकटा उभा राहिलेला, संघातून बहिष्कृत होण्याची तयारी असलेला तरुण मुलांना नीट समजतो. महालातील राजपुत्राला एकाएकी म्हातारा दिसला, यावर मुले शंका काढतात; आणि ती बरोबर काढतात.

उतारवयात त्यांची प्रकृती फार ढासळली. अखेरचे दिवस त्यांनी आपल्याच विदर्भात, वर्ध्याजवळच्या सेवाग्राम आश्रमात घालविले. पार्श्वनाथांच्या चातुर्याम धर्माचा त्यांच्यावर या काळात मोठा प्रभाव होता. शरीराचा आता कोणाला उपयोग नाही असे ठरवून त्यांनी अन्न सोडले आणि जून १९४७ मध्ये त्यांचे निधन झाले. या निर्णयाशी आम्ही सहमत नाही. तथागतांचा मध्यम मार्ग देहाला झिजविण्यास सांगत नाही, आणि आजारी माणसाची शुश्रूषा ही त्यांनी आपलीच सेवा मानली होती. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांनी केलेले आपले मोजमाप नाकारले, त्याने अखेरीस स्वतःला निरुपयोगी मोजावे, याची खंत आम्हांला वाटते. हा भाग मुलांना सांगताना आम्ही ती खंतही सांगतो.

नऊ वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरला जो महासागर लोटला तो पाहण्यास ते उरले नव्हते. आमच्या गावांतून पायी, बैलगाडीने आणि रेल्वेने तिकडे गेलेल्या माणसांत ‘भगवान बुद्ध’ वाचलेले फारच थोडे असतील. त्यांची नातवंडे आज ते वाचतात.

हार्वर्डचा ‘विसुद्धिमग्ग’ १९५० साली, कोसंबींच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, छापून प्रसिद्ध झाला. त्याच्या मुखपृष्ठावर संपादक म्हणून वॉरन यांचे नाव आहे आणि त्याखाली, संहिता तपासून शुद्ध करणारे म्हणून, धर्मानंद कोसंबी यांचे.